चाऊस: हुद्दा, आडनाव आणि हरवलेली माणसे

मराठवाड्यात चाऊस हे आडनाव कोणाला नवे नाही. तालुक्याच्या कोणत्याही जुन्या गावी मुसलमान मोहल्ल्यात चौकशी केली, तर एखादे तरी चाऊस घर निघतेच. चाऊस म्हणजे कोण, असे विचारले तर त्या घरातले शाळकरी पोरही "आम्ही अरब" असे सांगते. पण अरब म्हणजे कुठले? कबिला कोणता, गाव कोणते? पहिला माणूस इकडे कधी आला आणि येताना मागे कोणाला सोडून आला? इथे वडीलधारी माणसेही गप्प होतात, नाहीतर तिघे तीन उत्तरे देतात.

याचे पहिले कारण आडनावातच आहे. चाऊस हे कुळाचे नाव नाही. तुर्की फौजेतला 'चावुश' हा एक लहान हुद्दा, आपल्या हवालदार-नाइकाच्या तोलाचा. तो शब्द अरबांबरोबर दख्खनेत आला आणि अरब शिपायाला हाक मारण्यासाठी रूढ झाला. सौराष्ट्रातल्या संस्थानांतही अरब शिपायाला हेच म्हणत. आपल्याकडे हवालदार, जमादार, सुभेदार अशी आडनावे कितीतरी आहेत. पण सगळे हवालदार एका रक्ताचे, असे कोणी म्हणत नाही. चाऊसांबद्दल मात्र ते गृहीत धरले जाते. हजरमौतमध्ये कसीरी आणि कुऐती यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण दोन्हीकडची नातवंडे उमरग्याच्या शाळेत आली की हजेरीपटावर दोघेही चाऊसच.

हजरमौत हा आजच्या येमेनचा दक्षिण-पूर्व भाग. शिबाम, सियून, तरीम ही आतल्या खोऱ्यातली गावे. मुकल्ला आणि शिहर ही बंदरे. पाऊस बेताचा, जमीन थोडी, भाऊबंद फार. म्हणून तिथली माणसे जावा-सिंगापूरला व्यापाराला गेली, पूर्व आफ्रिकेला गेली आणि हिंदुस्थानात शिपाईगिरीला आली. पेशव्यांकडे, नागपूरकर भोसल्यांकडे, गायकवाडांकडे अरबांची पथके होती. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहर अडवून बसले ते अरबच, आणि १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तोही अरबांनीच. मराठी राज्ये बुडाली तशी यातली पुष्कळ माणसे निजामाच्या मुलखात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हैदराबादेत अरब जमादारांचा एवढा दबदबा होता की दिवाणालाही त्यांच्याकडून कर्ज काढावे लागे. अरब पैसा व्याजाने लावत आणि वसुलीला कुळाच्या दारात येऊन बसत. हे लपवण्यात अर्थ नाही. खेड्यापाड्यांत अरब-रोहिल्यांच्या तगाद्याच्या आठवणी आहेत आणि त्या गोड नाहीत. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी हा जोर हळूहळू मोडला आणि अरबांना शिस्तीच्या चाकरीत आणले. पुढे अरब म्हणजे संस्थानच्या बिनकवायती फौजेतला, नज्म-ए-जमियतमधला शिपाई: जिल्ह्याच्या तिजोरीवर पहारा, खजिन्याबरोबर सोबत. आपल्या जिल्ह्यात जे अरब स्थिरावले, ते बहुतेक या वाटेने.

उलट दिशेलाही एक वाट होती. हैदराबादच्या चाकरीत पैसा जमवलेल्या कुऐती घराण्याने त्याच पैशाच्या बळावर हजरमौतमध्ये आपली सल्तनत उभी केली. १८६७ मध्ये शिहर आणि १८८१ मध्ये मुकल्ला त्यांच्या ताब्यात आले. तिथला सुलतान हा इथला नवाब. निजामाने दिलेला 'नवाज जंग' हा किताब त्या घराण्यात चालत आला. एका माणसाची दोन देशांत दोन नावे, ही गोष्ट अशी वरपासून खालपर्यंत होती. वरच्यांची दोन्ही नावे इतिहासात राहिली. पहारेकऱ्याचे एकच राहिले आणि तेही हुद्द्याचे.

मग शोधायचे कुठे? हजरमौतच्या सय्यद घराण्यांचे शजरे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले आहेत. जाव्यातल्या त्यांच्या शाखांनी तर १९२८ मध्ये राबिता अलविया नावाची संस्था काढून नसबाची दफ्तरे ठेवली. कबिल्याच्या साध्या शिपायाचा नसब कोणी लिहिला नाही, तो तोंडी चालला. त्याचे नाव कागदावर आले ते दुसऱ्या कोणाला गरज पडली तेव्हा: पगारवाटपाला, निकाहाला, पोराला शाळेत घालताना, जमिनीच्या वादात, आणि शेवटी हद्दपारीला. प्रत्येक कारकुनाने आपल्याला हवा तेवढा माणूस लिहिला. पगाराच्या कागदाला जमादाराचे नाव महत्त्वाचे, बापाचे नाही. काजीला बापाचे नाव लागे, गावाचे चालले नाही तरी चाले. शाळेला आडनाव हवे होते, म्हणून मास्तरने हुद्दाच आडनाव केला. हे कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घरोघर भांडणे होतात. माझ्या मते कागद जिथे जुळत नाहीत तिथेच थांबून, हा कोणी लिहिला आणि कशासाठी, हे विचारावे. बहुतेक वेळा माग तिथूनच निघतो.

दुसरा घोळ सरहद्दींचा. आपला जिल्हा पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ च्या तहाने तो वऱ्हाडाबरोबर इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या काळात कर्नल मेडोज टेलर नळदुर्गला इंग्रजांचा अधिकारी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव पडले आणि २०२३ मध्ये धारासिव म्हणजे धाराशिव हे जुने नाव परत आले. त्यामुळे जुन्या कागदात 'साकिन नळदुर्ग' दिसले की माणूस किल्ल्याच्या गावचाच होता असे समजू नये; तो जिल्ह्यातल्या कोणत्याही गावचा असू शकतो. लातूर तर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याहून मोठी गंमत म्हणजे निजामी अमलात हा जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, हैदराबाद आंध्रात गेले (ते आज तेलंगणात आहे) आणि आपण मुंबई राज्यात आलो. तुळजापूरच्या तिजोरीवर उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याचे कागद अशा रीतीने तीन राज्यांत विखुरले. चौथे ठिकाण कोणाच्या मनातही येत नाही, ते म्हणजे मुंबई. एडन १८३९ मध्ये मुंबई सरकारने जिंकले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चाले. अरबांनी निजामाच्या मुलखात भरती व्हावे हे इंग्रजांना नको होते, म्हणून एडन-मुंबई वाटेवरच्या अरबांवर त्यांची नजर असे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात एडनची दफ्तरे आहेत. आपल्यातले किती अभ्यासक ती उघडायला गेले?

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या निमित्ताने मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरे धुंडाळली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. शोधणाऱ्यांची नजर एका शब्दावर होती. त्याच पानांवर 'कौम अरब' असे लिहिलेल्या ओळी असतील तर त्या तशाच ओलांडल्या गेल्या असणार. जनगणनेकडे तर वळूच नये. तिच्यात आकडे मिळतात, माणूस मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरच्या नोंदी कोणालाही पाहायला बंद आहेत. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी त्या खुल्या होतात, इथे तशी तरतूद नाही.

माझे आजोळ चाऊसांचे. आईचे आजोबा अरबस्तानातून आले, त्यांना घरात बडे अब्बा म्हणत. १९४८ नंतर ते घरात नव्हते, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत आहे. नानी म्हणायची, त्यांना जहाजात घालून मुकल्ल्याला पाठवले. खाला म्हणते, जहाज कसले, पोलीस ॲक्शनमध्ये वाटेतच मारले गेले. आणि एक चुलत मामू छातीवर हात ठेवून सांगतात की ते हैदराबादला बारकसमध्ये राहिले, तिथेच वारले, कबर आपण डोळ्यांनी पाहिली आहे. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती पसरली, तेव्हा या घरानेही पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या. नशीब की पेटी होती. १९९३ च्या भूकंपात सास्तूर भागातल्या कित्येक घरांच्या पेट्या भिंतींखाली गेल्या.

पेटीत नानांचा शाळेचा दाखला निघाला. त्यावर जन्मसाल १९१८. आणि बडे अब्बांच्या निकाहाच्या सियाह्याची नक्कल निघाली, तिच्यावर हिजरी १३४४, म्हणजे १९२५-२६. निकाहाच्या सात वर्षे आधी मुलगा! घरात एकदम शांतता पसरली. कोणी म्हणाले पहिली बायको असेल, सोलापूरकडची. कोणी काहीच म्हणाले नाही, ते जास्त वाईट होते. बडी अम्माला जाऊन पन्नास वर्षे झाली होती आणि तिच्या चारित्र्याचा खटला पोतींच्या समोर चालला होता.

उत्तर पंचांगात होते. हैदराबाद संस्थानचा सरकारी कारभार फसली सनावर चाले. हा सन सौर. १ आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या ६ तारखेच्या सुमारास सुरू होई. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. हिजरी सन चांद्र. तो दर ३३ वर्षांनी सौर सनाच्या एक वर्ष पुढे सरकतो. विसाव्या शतकात हे दोन सन आकड्याने इतके जवळ होते की नुसते '१३३७' लिहिलेले असले तर ते कोणते, हे मागच्या-पुढच्या नोंदी पाहिल्याशिवाय कळत नाही. फसली १३३७ म्हणजे १९२७-२८. हिजरी १३३७ म्हणजे १९१८-१९. शाळेच्या जुन्या उर्दू नोंदवहीत १३३७ एवढेच होते. १९४८ नंतर मराठी दाखला करणाऱ्या कारकुनाने मुसलमानाचे नाव पाहून सन हिजरी धरला आणि नाना नऊ वर्षांनी म्हातारे झाले. ते नोकरीतून नऊ वर्षे आधी निवृत्त झाले, हेही त्याच आकड्यामुळे. ज्यांच्या घरात असे दाखले आहेत त्यांनी जन्मसालावरून भांडण्याआधी हा हिशेब करून पाहावा. दाखल्यावर १ जून अशी तारीख असेल तर मात्र हिशेबाची तसदी घेऊ नये. मास्तरांच्या कृपेने आपली अर्धी बिरादरी १ जूनला जन्मली आहे.

सियाह्यात आणखी पुष्कळ काही असते आणि आपण फक्त नवरा-नवरीची नावे वाचून तो घडी घालून ठेवतो. हजरमौतहून येणारे पुरुष एकटे येत. बायका समुद्र ओलांडत नसत. इथे आल्यावर त्यांनी इथल्याच मुलींशी निकाह केले. त्या घरांतल्या बायका दखनी बोलत, गावाशी मराठी बोलत. अशा मुलांना अरब स्वतः 'मुवल्लद' म्हणत, म्हणजे परमुलखात जन्मलेले, मिश्र. म्हणजे प्रत्येक चाऊसाची निम्मी वंशावळ याच मातीतली आहे. पण नसब बापाकडून मोजायचा असल्यामुळे आपण त्या निम्म्याचा शोधच घेत नाही. नवरीच्या बाजूचा वकील कोण, गवाह कोण, महर किती हाली रुपये, हे पाहिले की आईकडचे घर सापडते. आमच्या सियाह्यात नवरीचा वकील तिचा मामा निघाला, जातीने मोमीन, विणकर. त्या मोमीन घराशी आमचे आजही लग्नकार्याला येणे-जाणे आहे. नाते काय, हे मात्र दोन्ही घरे विसरली होती.

नवऱ्याच्या बाजूच्या एका गवाहाने दुसरा प्रश्न सोडवला. त्याच्या बापाचे नाव आणि पुढचे 'बा' लागलेले कुळनाव बडे अब्बांच्याच बापाचे आणि कुळाचे होते. तो भाऊ होता. दोघेही गावात चाऊस, दोघेही पहारेकरी. पुढच्या पिढीने दोघांचा एक माणूस केला. मामूंनी पाहिलेली बारकसमधली कबर खोटी नाही, ती या भावाची. बारकस हे नावच मुळी बरॅक्सचे. अरब शिपायांच्या लष्करी बराकी होत्या तिथे, आणि आजही मराठवाड्यातल्या प्रत्येक चाऊसाचा शोध कधी ना कधी त्या वस्तीत जाऊन पोचतो.

आता १९४८. १३ ते १७ सप्टेंबर हे पाच दिवस. हिजरी १३६७ चा जिल्काद. आधीच्या वर्षभरात रझाकारांच्या जाचाने सरहद्दीवरच्या गावांतली हिंदू कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच जिल्ह्यातला. त्याने लावलेल्या आगीत नंतर कोण जळाले, हे पंडित सुंदरलाल, काजी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून पाहिले. त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज. लातुरात सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार त्यांना गावात आढळले. हा अहवाल कित्येक वर्षे सरकारने प्रसिद्ध केला नाही. उमर खालिदी, ए. जी. नूरानी यांच्यासारख्यांनी तो लोकांपुढे आणला. पण त्यात आकडे आहेत. माझ्या खालाला आकडा नको आहे.

पळालेल्यांचे, मेलेल्यांचे बोलणे निदान घरात होते. हद्दपार झालेल्यांचे तेही होत नाही. जनरल चौधरींच्या लष्करी प्रशासनाने अरब, पठाण अशा 'बाहेरच्या' मुसलमानांना पकडून छावण्यांत ठेवले आणि त्यांना देशाबाहेर घालवण्याचे धोरण आखले. टेलर शर्मन या इतिहासलेखिकेने २०१५ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाचा तपशील दिल्लीतल्या कागदांवरून मांडला आहे. अडचण अशी झाली की बाहेरचा कोण, हेच ठरेना. चाऊस नावाचा माणूस मुकल्ल्यात जन्मला की नळदुर्गात, हे नावावरून कसे कळणार? तिकडे एडनच्या इंग्रजांनाही ही माणसे नको होती, कारण १९४८-४९ मध्ये हजरमौतमध्ये दुष्काळ होता. आणि हैदराबादेतून येणारा पैसा आटल्यावर तिथल्या घरांना आणखी तोंडे पोसणे कसे परवडावे? पुढे २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम ५ प्रमाणे इथे राहणारा आणि इथे जन्मलेला तो नागरिक. म्हणजे नाना भारतीय, आणि त्यांचे वडील परदेशी. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसे.

खालाच्या बाजूने एक कागद होता आणि तो बळकट होता. पन्नासच्या दशकातल्या जमिनीच्या नोंदीत चार एकर रानाला बडी अम्माचे नाव लागले आहे, आणि नावापुढे 'बेवा'. सरकारी कागद विधवा म्हणतो, मग नवरा मेलेलाच, असे खालाचे म्हणणे. पण १९५० चा निर्वासित मालमत्तेचा कायदा वाचावा. दंगलीच्या भीतीने देशाबाहेर गेलेल्याची मालमत्ता सरकारजमा होऊ शकत होती. तो पाकिस्तानातच गेला असला पाहिजे अशी अट त्या व्याख्येत नव्हती. नवरा मुकल्ल्याला आहे असे तलाठ्यापुढे बोलणाऱ्या बाईचे रान राहिले असते का? तिने 'बेवा' लिहून घेतले आणि रान राखले. निरक्षर बाई होती ती. कायदा तिला कोणी समजावून सांगितला, की गावाच्या बोलण्यातून तिनेच हेरले, हे आता विचारायला कोणी नाही. त्या चार एकरांवर नानांची चारही मुले शिकली.

ती विधवा नव्हती हे सांगणारा कागद पेटीच्या तळाशी होता. अरबीतले एक पत्र, हिजरी १३७० चे, म्हणजे १९५०-५१ मधले, मुकल्ल्याहून आलेले. मदरशातल्या मौलानांनी ते वाचून दिले. सलाम, पावसाची खबर, धान्याचा भाव, मुलांची नावे घेऊन दुवा, नानांचेही नाव त्यात. हस्ताक्षर पत्र लिहून देणाऱ्या कोणा मुन्शीचे असावे. तेव्हा नानी खरी ठरली. जहाज गेले, माणूस पोचला. त्यानंतर पत्र नाही. १९६७ मध्ये, योगायोगाने १७ सप्टेंबरलाच, मुकल्ल्याची कुऐती सल्तनत क्रांतिकारकांनी बुडवली; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्रज एडन सोडून गेले आणि नव्या राजवटीत बाहेरच्या जगाशी टपाल-व्यवहार अवघड झाला. २०१५ मध्ये तिथे यादवी पेटली आणि मुकल्ला शहर वर्षभर अल-कायदाच्या ताब्यात होते.

पत्राखाली सही म्हणून बडे अब्बांचे नाव नाही. अरब रिवाजाप्रमाणे तिथे कुन्यत आहे, 'अबू अमुक', म्हणजे अमुकचा बाप. कुन्यत सहसा थोरल्या मुलाच्या नावावरून घेतात. पत्रातली दुवा नानांना आहे, इथल्या भावंडांना आहे. पण कुन्यतमधले नाव आमच्या घरातल्या कोणाचेच नाही. हैदराबादला येण्यापूर्वी हजरमौतमध्ये निकाह करून येणारे अरब पुष्कळ होते. असा मुलगा खरोखर असेल तर तो नानांपेक्षा मोठा, आणि त्याची नातवंडे आज माझ्या वयाची असतील. पाकिटावर मुकल्ला बंदर आणि एका दुकानदाराची मार्फत, एवढाच पत्ता आहे.